मधुमेहाची गोळी आणि बीजकोशाचा विकार : एका उपचाराची पूर्वपीठिका

पाळी दोन-दोन, तीन-तीन महिने येत नाही, हनुवटीवर राठ केस उगवू लागले आहेत, खाणे बेताचे असूनही वजन वाढतेच आहे, अशा तक्रारी घेऊन विशीतली एखादी मुलगी आईसमवेत स्त्रीरोगतज्ज्ञाकडे जाते, सोनोग्राफीच्या कागदावर ‘पीसीओडी’ असा शेरा पडतो, आणि औषधाच्या दुकानातून मिळालेल्या पाकिटांत मेटफॉर्मिनची, म्हणजे आजोबांच्या डब्यात रोज दिसणारी शुगरची गोळी निघते, तेव्हा ‘मला शुगर नाही, मग ही गोळी कशाला?’ असा जो प्रश्न ती विचारते तो अज्ञानातून आलेला मुळीच नव्हे. रोग बीजकोशाचा आणि औषध मधुमेहाचे, ही विसंगती तिला पहिल्याच दिवशी दिसते; वैद्यकशास्त्राला मात्र या दोहोंचा संबंध ओळखण्यास विसाव्या शतकाचा बहुतेक भाग खर्ची घालावा लागला. रोगाची हकिकत स्त्रीरोगाच्या दफ्तरात नोंदली जात होती आणि औषधाची मधुमेहाच्या दफ्तरात. एका दफ्तरातला कारकून दुसऱ्याचे कागद उघडून पाहात नव्हता. ही दोन्ही दफ्तरे एकत्र कशी आली, आणि आल्यानंतरही त्या औषधाची पारख करताना स्त्रीच्या आयुष्यातील कोणती गोष्ट मोजली गेली व कोणती मोजायची राहिली, हे सांगण्याचा येथे विचार आहे.

रोग जुनाच. इटलीतील आंतोनिओ वालिस्नेरी या निसर्गाभ्यासकाने 1721 साली एका तरुण, विवाहित, काहीशा स्थूल आणि अपत्यहीन शेतकरी स्त्रीचे बीजकोश पाहिले, आणि ते नेहमीपेक्षा मोठे, पांढुरके, चकाकणारे व उंचसखल असल्याचे नोंदवून ठेवले. स्थूलता, वंध्यत्व आणि बीजकोशांचे ते विशिष्ट रूप ही तिन्ही लक्षणे एकाच नोंदीत आली असूनही त्यांचा परस्परसंबंध पुढली दोन शतके कोणी जोडला नाही. पुढे 1921 साली पॅरिसच्या आशार आणि तिएर या दोघा वैद्यांनी चेहऱ्यावर दाट केस आलेल्या स्त्रियांतील मधुमेहाचे वर्णन प्रसिद्ध केले. केसांचा संबंध पुरुषी संप्रेरकांशी आणि मधुमेहाचा स्वादुपिंडाशी, तेव्हा ही दोन टोके एकाच देहात का भेटावीत, हा प्रश्न त्याच वेळी उपस्थित व्हावयास हवा होता. परंतु एक विलक्षण जोडी एवढ्याच कुतूहलाने त्या लेखाकडे पाहिले गेले आणि तो मागे पडला.

ज्या लेखाने या विकाराला नाव दिले तो शिकागोचा. मायकेल रीझ रुग्णालयातील आयर्विंग स्टाइन व मायकेल लेव्हेंथाल यांनी 1935 साली अवघ्या सात स्त्रियांची हकिकत प्रसिद्ध केली. पाळी बंद किंवा अत्यंत अनियमित, मूल नाही, कित्येकींच्या अंगावर अतिरिक्त केस. त्या काळी सोनोग्राफी नव्हती. ओटीपोटात वायू भरून क्ष-किरणचित्र घेण्याची जी पद्धत स्टाइनने परिश्रमपूर्वक विकसित केली होती, तिच्या साहाय्याने बीजकोशांची वाढलेली छाया दिसे आणि मग पोट उघडून खात्री केली जाई. जाड, मोत्यासारख्या पांढऱ्या आवरणाखाली लहान लहान पुटिकांची रांग त्यांना दिसली. हे जाड आवरण बीजांडाची वाट अडवीत असले पाहिजे, अशी त्यांची समजूत झाली, आणि त्या समजुतीला अनुसरून त्यांनी प्रत्येक बीजकोशाचा पाचरीच्या आकाराचा एक मोठा तुकडा कापून काढला व कडा शिवून टाकल्या. सातही जणींची पाळी पुन्हा सुरू झाली. दोघींना दिवस गेले. उपपत्ती बव्हंशी चुकीची, परंतु उपाय फलदायी, असा हा प्रकार होता. पुरुषी संप्रेरके निर्माण करणाऱ्या ऊतकाचा बराचसा भाग त्या तुकड्याबरोबर निघून जातो म्हणून गुण येतो, हे खरे कारण पुष्कळ उशिरा कळले. तोपर्यंत सुमारे तीस वर्षे जगभर हजारो स्त्रियांच्या बीजकोशांवर ही शल्यक्रिया होत राहिली, आणि त्यांतील कित्येकींच्या बीजवाहिन्यांभोवती जखमेमुळे चिकट्या निर्माण होऊन वंध्यत्वाचे एक कारण गेले व दुसरे आले. त्यानंतर 1967 साली अमेरिकेत बीजांड सुटण्यास मदत करणाऱ्या क्लोमिफेन या औषधाला सरकारी मान्यता मिळाली, तेव्हा ही शल्यक्रिया हळूहळू मागे सरली.

आता दुसरे दफ्तर उघडू. युरोपात ओलसर कुरणांत वाढणारी गॅलेगा नावाची, फिकट जांभळ्या फुलांची एक शेंगवर्गीय वनस्पती तेथील लोकवैद्यकात फार दिवसांपासून ठाऊक होती. गुरांनी ती अधिक खाल्ली तर विषबाधा होई, आणि त्या विषाचे मूळ ग्वानिडीन जातीच्या द्रव्यांत असल्याचे रसायनज्ञांना आढळले. वाटानाबे या संशोधकाने 1918 साली ग्वानिडीनमुळे प्राण्यांच्या रक्तातील साखर उतरते असे दाखविले. 1922 मध्ये डब्लिनच्या वेर्नर व बेल यांनी डायमिथाइल बायग्वानाइड हे संयुग प्रयोगशाळेत सिद्ध केले. हेच आजचे मेटफॉर्मिन. वेर्नर आणि बेल यांना साखरेशी काही कर्तव्य नव्हते. ते रसायनशास्त्रातला एक प्रश्न सोडवीत होते.

याच कथेत ब्रेस्लाउ शहराचा जो भाग आहे, तो मला सर्वांत विचार करायला लावणारा वाटतो. आज पोलंडमध्ये असलेले आणि त्या वेळी जर्मनीत असलेले हे शहर मधुमेहसंशोधनाचे एक प्रमुख ठाणे होते. स्वादुपिंड काढलेल्या कुत्र्याला मधुमेह होतो हे 1889 मध्ये फॉन मेरिंगसमवेत सिद्ध करणारा ओस्कार मिंकोव्हस्की तेथेच प्राध्यापक होता. त्याच्याच चिकित्सालयातील एरिख फ्रांक याने 1926 साली सिंथालिन नावाचे ग्वानिडीनजन्य औषध रुग्णांना देऊन पाहिले, आणि यकृतावरील त्याच्या दुष्परिणामांमुळे ते पुढे सोडून द्यावे लागले. त्याच शहरात कार्ल स्लोटा या रसायनज्ञाने चेशे या सहकाऱ्यासह 1929 साली बायग्वानाइडे प्राण्यांवर तपासली व त्यांच्या साखर उतरविण्याच्या गुणाची नोंद केली. परंतु इन्शुलिन नुकतेच हाती आले होते. तोंडाने घ्यावयाच्या आणि मोठ्या मात्रेत लागणाऱ्या या द्रव्यांकडे कोण लक्ष देणार? नोंद झाली आणि तेथेच राहिली. आणि याच स्लोटाने 1934 साली, स्टाइन व लेव्हेंथाल यांचा लेख छापून येण्याच्या आदल्याच वर्षी, प्रोजेस्टेरॉन शुद्ध स्वरूपात वेगळे काढले. बीजांड सुटले नाही म्हणजे जे संप्रेरक शरीरात उत्पन्न होत नाही, आणि ज्याच्या अभावी या स्त्रियांची पाळी खोळंबते, तेच हे. एका माणसाच्या हातून पाच वर्षांच्या अंतराने या विकाराच्या दोन्ही बाजूंची द्रव्ये गेली, पण दोन्ही एकाच स्त्रीच्या उपयोगी पडतील अशी कल्पना त्या काळी कोणाला येणे शक्य नव्हते. पुढे नाझी राजवटीने ब्रेस्लाउची ही विद्वान मंडळी उधळून लावली. फ्रांक इस्तंबूलला गेला, स्लोटा ब्राझीलला. तेथे त्याने साओ पाउलोच्या बुतान्तान संस्थेत सर्पविषावर काम केले. ज्ञानाची जी परंपरा एका शहरात सलग चालावयाची, ती अशी तुटली.

मेटफॉर्मिनचा पुनर्जन्म फिलिपिन्समध्ये झाला, आणि तोही इन्फ्लुएंझाच्या निमित्ताने. एउसेबिओ गार्सिया या वैद्याने ते तापावरील औषध म्हणून वापरले व साखर उतरण्याचा गुणही त्याच्या ध्यानात आला. 1950 सालच्या त्याच्या लेखावरून पॅरिसमध्ये झां स्टर्न या फ्रेंच वैद्याला ही कल्पना सुचली. तरुणपणी गॅलेगाच्या द्रव्यांवर काम केलेले असल्यामुळे स्टर्नला हा धागा ओळखीचा होता. 1957 मध्ये त्याने मेटफॉर्मिनचे मधुमेहींवरील परिणाम प्रसिद्ध केले. त्याच सुमारास फेनफॉर्मिन हे त्याचे अधिक तीव्र भावंड अमेरिकेत आले आणि काही रुग्णांच्या रक्तात लॅक्टिक आम्ल साचून मृत्यू ओढवू लागल्यामुळे सत्तरीच्या अखेरीस तेथील बाजारातून हद्दपार झाले. भावंडाचा हा दोष मेटफॉर्मिनच्याही माथी बसला आणि युरोपात 1950च्या दशकापासून वापरात असलेल्या या गोळीला अमेरिकेचा परवाना मिळण्यास 1994 चा डिसेंबर उजाडावा लागला.

दोन दफ्तरांना जोडणारी वस्तू अखेर औषध नसून एक मापनपद्धती ठरली. हॅरल्ड हिम्सवर्थ या इंग्रज वैद्याने 1936 सालीच दाखविले होते, की काही मधुमेहींना इन्शुलिन टोचले असता साखर झपाट्याने उतरते आणि काहींच्या शरीरावर त्याचा फारसा परिणाम होत नाही; परंतु रक्तात मुळात इन्शुलिन किती आहे हे मोजण्याचे साधनच तेव्हा नव्हते. ते न्यूयॉर्कच्या रोझालिन यालो आणि सॉलोमन बर्सन यांनी पन्नाशीच्या अखेरीस किरणोत्सर्गी द्रव्याच्या साहाय्याने सिद्ध केले, आणि त्याबद्दल 1977 मध्ये यालोबाईंना नोबेल पारितोषिक मिळाले. बर्सन तोवर हयात नव्हते. हे साधन हाती आल्यावर 1980 साली अमेरिकेतील मेम्फिसच्या बर्घेन, गिव्हन्स व किताब्ची यांनी पीसीओएसच्या, म्हणजेच पीसीओडीच्या, स्त्रियांचे रक्त तपासले, तेव्हा पुरुषी संप्रेरके आणि इन्शुलिन ही दोन्ही एकमेकांच्या प्रमाणात चढलेली आढळली. आशार आणि तिएर यांचे कुतूहल साठ वर्षांनी आकड्यांत उतरले.

या दोहोंचा संबंध कसा, हे थोडे विस्ताराने सांगणे अवश्य आहे. घरात एखादे माणूस ऐकू कमी येणारे असले म्हणजे त्याच्याशी बोलताना आवाज चढवावा लागतो, आणि मग त्या चढलेल्या आवाजाचा त्रास शेजारी बसलेल्या, कान शाबूत असलेल्या माणसाला होतो. स्नायू आणि यकृत इन्शुलिनचा आदेश नीट ऐकेनासे झाले म्हणजे स्वादुपिंड अधिकाधिक इन्शुलिन सोडून साखर ताब्यात ठेवते. बीजकोश मात्र बहिरा झालेला नसतो, आणि या अतिरिक्त इन्शुलिनच्या प्रेरणेने तो पुरुषी संप्रेरके अधिक प्रमाणात निर्माण करतो. शिवाय ही संप्रेरके रक्तात बांधून ठेवणारे एक प्रथिन यकृतात तयार होते, तेही इन्शुलिनच्या दाबाखाली कमी होते. म्हणजे मोकळे टेस्टोस्टेरॉन दोन्ही मार्गांनी वाढते. पुटिका अर्ध्या वाढून थांबतात, बीजांड सुटत नाही, पाळी लांबते. रक्तातील साखर या सर्व काळात नेहमीसारखीच राहू शकते, म्हणूनच त्या मुलीला शुगर नसते. याची एक बाह्य खूण आपल्या घरांत पुष्कळांनी पाहिलेली असते. मानेच्या मागे आणि काखेत कातडी काळसर, जाडसर, मखमली होते. ती मळकट दिसते म्हणून आई डाळीचे पीठ लावून, काथ्याने घासून ती उजळविण्याचा प्रयत्न करते, मुलीला अस्वच्छतेबद्दल बोलणीही खावी लागतात, आणि घासून घासून मान सोलवटली तरी काळेपणा जात नाही, कारण तो मळ नसून रक्तातील वाढलेल्या इन्शुलिनने त्वचेच्या पेशींवर उमटविलेली निशाणी असते. अँड्रिया डुनाइफ यांनी 1989 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासातून असे निदर्शनास आले, की हा इन्शुलिन-प्रतिरोध स्थूलतेचा केवळ परिणाम नव्हे. वजन बेताचे असलेल्या पीसीओएसग्रस्त स्त्रियांतही तो आढळतो. ज्या सडसडीत मुलींना ‘वजन कमी करा’ एवढाच सल्ला मिळत आला त्यांच्या दृष्टीने या निष्कर्षाचे मोल फार मोठे आहे.

प्रतिरोध हेच मूळ असेल तर तो कमी करणारे औषध देऊन पाहावे, हे तर्कशुद्ध पाऊल प्रथम पडले ते व्हेनेझुएलात, अँडीज पर्वतातील मेरिदा या शहरात. एदुआर्दो वेलास्केस आणि सहकाऱ्यांनी, अमेरिकेतील चार्ल्स ग्लूक यांच्या साहाय्याने, 26 स्त्रियांना आठ आठवडे दररोज दीड ग्रॅम मेटफॉर्मिन दिले. इन्शुलिन उतरले, टेस्टोस्टेरॉन उतरले, रक्तदाबही उतरला. सात जणींची पाळी नियमित झाली, आणि तिघींना कोणतेही अन्य औषध न घेता दिवस गेले. हा लेख 1994 सालच्या पूर्वार्धात प्रसिद्ध झाला, म्हणजे अमेरिकेत या गोळीला परवाना मिळण्याच्याही आधी. त्या अभ्यासात तुलनेसाठी निष्क्रिय गोळी घेणारा गट नव्हता, हा त्यातला उणेपणा मान्य केलाच पाहिजे. पण स्टाइन व लेव्हेंथाल यांच्या सात स्त्रियांनंतर या विकाराच्या इतिहासात जर दुसरा कोणता आरंभ असेल, तर तो या 26 जणींचा आहे असे मी समजतो.

पुढची पावले वेगाने पडली. रिचमंडचे जॉन नेस्लर आणि काराकासच्या दानिएला याकुबोविच यांनी 1996 मध्ये बीजकोशातील संप्रेरकनिर्मितीवरच मेटफॉर्मिनचा परिणाम होतो हे दाखविले, आणि 1998 च्या त्यांच्या अभ्यासाने तर स्त्रीरोगतज्ज्ञांत खळबळ उडाली. 61 स्थूल स्त्रियांपैकी मेटफॉर्मिन घेणाऱ्या 35 जणींमध्ये 12 जणींचे बीजांड आपोआप सुटले, निष्क्रिय गोळी घेणाऱ्या 26 जणींत केवळ एकीचे. आणि उरलेल्यांपैकी ज्यांना क्लोमिफेन दिले त्यांच्यात मेटफॉर्मिनच्या गटात 21 पैकी 19, तर दुसऱ्या गटात 25 पैकी दोघी. असे आकडे पाहिल्यावर वैद्यांनी धीर धरला नाही, यात नवल नाही. मधुमेहासाठी मंजूर झालेली गोळी पीसीओएससाठी सर्रास लिहिली जाऊ लागली. अमेरिकेत त्या विकारासाठी तिला सनद आजतागायत मिळालेली नाही. वैद्याला आपल्या विवेकाने देण्याची जी मुभा कायद्यात आहे तिच्या आधाराने ती दिली जाते.

त्याच उत्साहाच्या लाटेवर ट्रॉग्लिटाझोन आले. इन्शुलिनची संवेदनक्षमता वाढविण्यात ते मेटफॉर्मिनहून प्रबळ होते, आणि 2001 साली प्रसिद्ध झालेल्या 410 स्त्रियांच्या मोठ्या अभ्यासात बीजांड सुटण्यावर त्याचा स्पष्ट गुण दिसला. पण हा लेख छापून येईपर्यंत औषध बाजारातून गेले होते. यकृत निकामी होऊन मधुमेही रुग्ण दगावल्यामुळे मार्च 2000 मध्ये अमेरिकेने ते मागे घेतले. त्याच कुळातील रोझिग्लिटाझोनवर हृदयविकाराच्या शंकेवरून भारत सरकारने 2010 साली बंदी घातली. पायोग्लिटाझोनची विक्री 2013 मध्ये तहकूब करून काही आठवड्यांतच इशाऱ्यासह पुन्हा खुली केली. मूल हवे असलेल्या तरुण स्त्रीला अशी औषधे देणे कोणाही जबाबदार वैद्याला जड जावे, आणि तसेच झाले.

मेटफॉर्मिनची मोठी कसोटी 2007 साली लागली. रिचर्ड लेग्रो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत 626 वंध्य स्त्रियांचे तीन गट करून सहा महिने उपचार दिले आणि बीजांड सुटले की नाही यावर न थांबता जिवंत मूल जन्मास आले की नाही हे मोजले. केवळ क्लोमिफेन घेणाऱ्यांत 22.5 टक्के, केवळ मेटफॉर्मिन घेणाऱ्यांत 7.2 टक्के आणि दोन्ही घेणाऱ्यांत 26.8 टक्के; पहिल्या व तिसऱ्या गटांतील फरक संख्याशास्त्राच्या दृष्टीने सिद्ध ठरला नाही. अभ्यास अत्यंत काटेकोर होता आणि ज्या प्रश्नाचे उत्तर त्याला द्यायचे होते ते त्याने प्रामाणिकपणे दिले. परंतु त्या उत्तराचा जो डांगोरा पिटला गेला, की मेटफॉर्मिन पीसीओएसमध्ये हरले, तो मला अन्यायाचा वाटतो. सहा महिन्यांत मूल हा निकष लावला तर हे औषध निःसंशय हरले. पण हीच स्त्री चाळिशीत मधुमेहाच्या उंबरठ्यावर येऊन उभी राहते, तिच्या यकृतात चरबी साचते, तिचा रक्तदाब वाढतो, आणि त्या वेळी ती स्त्रीरोगतज्ज्ञाच्या दारात येत नाही, म्हणून तिची नोंद त्या दफ्तरात होत नाही. वालिस्नेरीच्या शेतकरी स्त्रीपासून लेग्रोंच्या 626 जणींपर्यंत या विकाराची नोंद प्रामुख्याने अपत्यहीनतेच्या रकान्यात झाली. जिला मूल नको आहे किंवा मूल होऊन गेले आहे तिच्या देहाची काळजी हा स्वतंत्र विषय आहे, हे फार उशिरा मान्य झाले.

आपल्याकडे तर हा विषय अधिकच निकडीचा आहे. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी इंग्लंडमधील एका सहकाऱ्यासह 2004 साली प्रसिद्ध केलेले आपले दोघांचे छायाचित्र वैद्यकविश्वात विख्यात आहे : उंची व वजन यांचे गुणोत्तर दोघांचेही 22.3, परंतु शरीरातील चरबी इंग्रज गृहस्थांची 9.1 टक्के आणि याज्ञिकांची 21.2 टक्के. काट्यावर बारीक, आतून चरबीयुक्त, अशा या भारतीय देहात इन्शुलिन-प्रतिरोध लवकर मूळ धरतो. मुंबईतील 15 ते 24 वर्षांच्या मुलींची पाहणी परळच्या राष्ट्रीय प्रजनन आरोग्य संशोधन संस्थेने 2014 मध्ये प्रसिद्ध केली; त्यात रॉटरडॅमच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या निदानाच्या निकषांनुसार 22.5 टक्के आणि अधिक कडक निकषांनुसार 10.7 टक्के मुलींत पीसीओएस आढळला. यातील बहुतेकींच्या बाबतीत मुलाचा प्रश्न अद्याप कोणी विचारलेलाही नव्हता.

मुलासाठीच्या उपचारात आता लेट्रोझोलने पहिले स्थान घेतले आहे. वंध्यत्वासाठी त्याच्या वापरावर 2011 साली घातलेली बंदी भारत सरकारने 2017 मध्ये उठविली. इनोसिटॉलच्या पुड्या आपल्या दुकानांत उदंड खपतात. 1999 साली नेस्लर यांच्या 44 स्त्रियांच्या लहानशा अभ्यासाने त्या द्रव्याबद्दल मोठी आशा निर्माण केली होती, परंतु 2023 च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शिकेने त्याचा पुरावा मर्यादितच मानला आहे. मेटफॉर्मिनला मात्र याच मार्गदर्शिकेने त्याची खरी जागा दिली : वजन, साखर व इन्शुलिन यांच्यासाठी, आहार आणि व्यायाम यांच्या जोडीला. जेवणाबरोबर 500 मिलिग्रॅमची एक गोळी, मग हळूहळू वाढ. पहिले काही दिवस पोटात ढवळते, जुलाब होतात, आणि येथेच पुष्कळ मुली, कोणी आधी बजावून ठेवलेले नसल्यामुळे, औषध सोडून देतात. वर्षानुवर्षे घेणारीने बी-12 जीवनसत्त्व तपासून घ्यावे लागते.

एक प्रश्न अजून निकालात निघालेला नाही. दिवस गेल्यावरही मेटफॉर्मिन चालू ठेवावे काय? नॉर्वेतील एस्झ्टर व्हान्की यांच्या 2010 सालच्या अभ्यासात गरोदरपणातील रक्तदाबाचा विकार आणि मधुमेह यांवर त्याचा लाभ दिसला नाही. पुढच्या, तीन देशांतील 487 स्त्रियांच्या अभ्यासात उशिराचे गर्भपात व अकाली प्रसूती कमी होण्याचा कल दिसला, पण निर्णायक नाही. औषध वारेतून गर्भापर्यंत पोचते. पहिल्या अभ्यासातील मातांची मुले चार वर्षांची झाल्यावर तपासली, तेव्हा मेटफॉर्मिन घेतलेल्या मातांची मुले वजनाने काहीशी अधिक भरली. पुण्याजवळच्या सहा गावांत याज्ञिक आणि त्यांचे सहकारी 1993 पासून गरोदर माता व त्यांची मुले यांच्या नोंदी ठेवीत आले आहेत, आणि आईच्या पोटातील पोषण मुलाच्या पुढील मधुमेहाचा पाया कसा घालते हे त्यांनी दाखविले आहे. म्हणून नॉर्वेतील त्या मुलांचे वाढते वय आणि त्यांचे इन्शुलिन यांवर लक्ष ठेवणे महाराष्ट्रातील वैद्यांनाही तितकेच अगत्याचे आहे.